दोन रिकाम्या घागरी

सोलापुरात आमच्या गल्लीच्या नळाला पाच दिवसांनी पाणी यायचं. त्या रविवारी ते नेमकं चर्चच्या वेळेला आलं. समोर नवीनच राहायला आलेल्या बाईनं दोन घागरी रांगेत ठेवल्या आणि बायबल छातीशी धरून ती निघाली. घरात नवरा अंथरुणाला खिळलेला.

"अहो, पाणी जाईल की!" मी ओरडले.

"प्रभूनं बोलावलंय, मी जाते. घागरींचं त्यो बघंल."

मला रागच आला. धार बारीक होत चालली, तिच्या घागरींकडं कुणी बघेना. शेवटी मी माझा अर्धा भरलेला हंडा बाजूला ओढला. तिची दुसरी घागर भरली आणि नळ गेला.

परत आल्यावर तिनं भरलेल्या घागरी बघितल्या, वर बघून हात जोडले. कुणी भरल्या, विचारलंसुद्धा नाही.