शेजार दोनमध्ये म्हातारी माणसं नाहीत

माझा दादा चोपन्न वर्षांचा आहे, कवळ्या बनवतो, आणि गेले चार महिने एका कॉम्प्युटर गेमवर रुसून बसला आहे. लग्न त्याने केलं नाही, त्यामुळे रुसायला घरात हक्काचं माणूस नाही, असं मी एकदा म्हणाले. तो म्हणाला, "तू आहेस की." तेव्हापासून मी तोंड बंद ठेवते. म्हणजे माझ्या मानाने बंद.

आधी त्याच्या कामाचं सांगते, नाहीतर माणूस कळायचा नाही. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात आणि ते दादाच्या लॅबमध्ये येतं. लॅब म्हणजे दोन खोल्या. एकीत प्लास्टरची पोती, दुसरीत मेण, पकडी, पॉलिशचं चाक आणि खणाखणांत लावलेले दात. दादा मापात प्लास्टर ओतून साचा काढतो, त्यावर मेणाची हिरडी चढवतो आणि एकेक दात रोवत बसतो. पेशंट त्याला कधी दिसत नाही. कपाटात चिठ्ठ्या लावलेली शे-दीडशे प्लास्टरची तोंडं दिसतात, तेवढीच त्याची माणसांशी ओळख. त्याचा एक नियम आहे आणि तो त्याने हाताखालच्या प्रत्येकाच्या डोक्यात ठोकून बसवला आहे: पेशंटने नवी कवळी लावून जेवल्याचा निरोप आल्याशिवाय जुना साचा फोडायचा नाही. या नियमावर तो मला लग्नात, बारशात, कुठेही पंधरा मिनिटं ऐकवू शकतो.

आता खेळ. त्याचं नाव 'शेजार'. त्यात जिंकायचं वगैरे काही नसतं. एक गल्ली असते, घरं असतात, माणसं असतात, आणि ती माणसं आपण वागवायची. उठवायचं, कामाला पाठवायचं, आजारी पडली तर डॉक्टरकडे न्यायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोक्याला हात लावला. दिवसभर आपला संसार ओढायचा आणि संध्याकाळी दुसऱ्यांचा ओढत बसायचं, याला करमणूक म्हणतात?

पण त्या खेळाने आमच्या घरात एक गोष्ट केली, ती मान्य केली पाहिजे. आई एकोणऐंशी वर्षांची आहे. गुडघे गेलेत, वॉकर घेऊन चालते. खरं तर चालत नाही, मागच्या खोलीत बसून असते. डॉक्टर म्हणाले, चाला. मी म्हणाले, चाल. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. एक दिवस दादा खेळत असताना तिने मागून ओरडून विचारलं, "कोण एवढं भांडतंय?" दादा म्हणाला, "इथे एक म्हातारी आहे, ती शेजाऱ्याशी भांडतेय." आई वॉकर घेऊन उठली. मागच्या खोलीपासून कॉम्प्युटरपर्यंत बावीस पावलं आहेत, मी मोजली आहेत. ती बावीस पावलं चालून आली आणि दादाच्या शेजारच्या खुर्चीत बसून म्हणाली, "बघू."

त्या म्हातारीचं नाव आईने 'भांडकुदळ' ठेवलं. शेजारच्या टोपीवाल्याची मेंदी हिच्या अंगणात यायची, त्यावरून रोज खडाजंगी. पुढे तीन वर्षं, रोज संध्याकाळी सहाला, आई बावीस पावलं चालत यायची आणि हुकूम सोडायची. "आज हिला स्वयंपाक नको, बाहेर बाकावर बसू दे." "हिला नोकरीला लाव. करू दे की, या वयात का करू नये?" भांडकुदळ दूध ठेवून विसरायची, बोलता बोलता झोपायची, सांगितलेलं अर्धं ऐकायची. दादा चिडायचा, "ऐकतच नाही ही!" आई खूश व्हायची. जन्मभर या मायलेकांत 'जेवलास का' आणि 'हो' यापलीकडे बोलणं नव्हतं. आता तासभर नुसता कलकलाट. मी शाळेच्या ऑफिसातून घरी येऊन आईच्या गोळ्या द्यायला जायचे, तर दोघांना मी आलेलं कळायचंही नाही. मला राग यायचा आणि बरंही वाटायचं.

मग 'शेजार दोन' येणार अशी हवा सुरू झाली. दादाने वर्षभर आधीपासून आईला सांगून ठेवलं. गल्ली मोठी होणार, बाजार येणार, बाग येणार, आणि आपली जुनी माणसं उचलून जशीच्या तशी नव्या भागात नेता येणार. आईने विचारलं, "टोपीवाला पण येणार?" "येणार." "मग ठीक आहे," ती म्हणाली.

खेळ आला त्या दिवशी दादाने लॅबला दुपारीच कुलूप लावलं. 'जुनी घरं हलवा' असं एक बटण होतं. दादाने दाबलं. हलवलं की जुन्या जागी काही उरत नाही, असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं म्हणे. लोका सांगे ब्रह्मज्ञान! नवी बसल्याशिवाय जुना साचा फोडू नका म्हणणाऱ्या या माणसाने नवा खेळ उघडूनही न बघता जुना साचा फोडला. मी हे त्याला अजूनपर्यंत अकरा वेळा ऐकवलंय.

सहाला आई येऊन बसली. पडद्यावर गल्ली आली. काय ती शोभा! पाणी चकाकतंय, झाडं डुलतायत, चाळीस प्रकारचे सोफे. आणि भांडकुदळच्या घराच्या दारात एक पंचवीस वर्षांची मुलगी, ताठ पाठीची, वाऱ्यावर केस उडवत, बत्तीस दात दाखवत उभी.

"ही कोण?" आईने विचारलं.

दादाने सगळी बटणं दाबून पाहिली. वयाच्या रकान्यात एकच शब्द: तरुण. खालीवर करायला जागाच नाही. 'शेजार दोन'मध्ये म्हातारपण ठेवलंच नव्हतं. ज्यांना ते होतं त्यांचं काढून घेतलं होतं.

"भांडकुदळच आहे, आई. जरा... वय कमी झालंय."

"भांडायला लाव."

दादाने तिला टोपीवाल्याकडे नेलं. तोही पंचवीसचा झालेला, टोपी गेलेली, केस दाट. दोघं एकमेकांकडे बघून हसले. भांडण हा प्रकारही काढून टाकला होता. मेंदी सगळीकडे एका उंचीची होती. दूध उतू जात नव्हतं, कारण चूलच नव्हती. जेवण आपोआप ताटात येत होतं. घरांना जिने नव्हते. मुलगी सांगितलेलं सगळं, सांगितल्या क्षणी करत होती.

आई दहा मिनिटं बसली. "सगळंच ऐकते," ती म्हणाली, आणि वॉकर धरून उठली. दुसऱ्या दिवशी सहाला मी हाक मारली तर म्हणाली, "झोप येतेय." तिसऱ्या दिवशीही तेच. मग मी हाक मारायची सोडली. बावीस पावलं बंद झाली. गुडघे महिनाभरात असे आखडले की मोरीपर्यंत न्यायला मला कंबर कसावी लागायची. आई बोलायचीही बंद झाली. विचारलं की "बरंय" म्हणायची.

दादाने काय करावं? तिच्या खोलीत जाऊन बसावं, दोन शब्द बोलावेत, असं तुम्हाला-मला वाटतं. त्याने कंपनीविरुद्ध आघाडी उघडली. नेटवर या खेळाच्या चाहत्यांचा एक मोठा ग्रुप आहे, तिथे सगळेच कावलेले होते. एक बाई जिन्यासाठी रडत होती, तिने म्हणे चार वर्षं खपून तीन मजली घर बांधलं होतं. एकाला पत्रपेटी हवी होती. कुणाला करपलेलं जेवण हवं होतं. त्या सगळ्यांनी मिळून 'काय काय गेलं' याची यादी केली, ती त्रेसष्टवर गेली. पहिल्या क्रमांकावर दादाने म्हातारपण घातलं. कुणा पोराने खाली लिहिलं, 'म्हातारपण हवंय कोणाला?' दादाने त्याला आठ परिच्छेदांचं उत्तर दिलं आणि त्यापायी एका डॉक्टरची कवळी दोन दिवस उशिरा गेली.

कंपनीला त्याने सतरा पत्रं लिहिली. प्रत्येकाला एकच उत्तर: आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. एकदा सोबत नव्या सोफ्यांची जाहिरातही आली.

"तोंडाला पानं पुसतात!" दादा ओरडायचा. "वापरणाऱ्याला एकदा विचारावं की नाही, बाबा रे, तुला काय लागतं? नाही! आपण सुंदर बनवलं म्हणजे झालं!"

"हळू," मी म्हणायचे, "आई जरा पडलीय."

"तिच्यासाठीच चाललंय ना हे!"

हे खरंही होतं, म्हणून जास्त चीड यायची. तिच्यासाठी सतरा पत्रं लिहिणारा माणूस तिच्या खोलीत दिवसातून एकदा डोकावायचा आणि विचारायचा, "आई, जेवलीस का?" ती म्हणायची, "हो."

गेल्या रविवारी कंपनीचा निरोप आला. लोकाग्रहास्तव म्हातारपण परत आणलं आहे. दादा लहान मुलासारखा नाचत मागच्या खोलीत गेला. आई नको नको म्हणत होती. आम्ही दोघांनी धरून तिला आणलं. बावीस पावलांना दहा मिनिटं लागली, दोनदा टेकावं लागलं.

दादाने रकाना 'वृद्ध'वर नेला. मुलीचे केस पांढरेशुभ्र झाले. बाकी सगळं तेच. ताठ पाठ, बत्तीस दात. दादाने तिला अंगणात बोलावलं तर धावत आली.

"हिचे गुडघे दुखत नाहीत?" आईने विचारलं.

"नाही बहुतेक."

"मग केस कशाला पांढरे केले?"

दादाने कपाळावर हात मारून घेतला आणि अठरावं पत्र लिहायला घेतलं. आई त्याच्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, "तू काय लिहिणार? तुला तरी कुठे माहितीय? मी सांगते, तू लिही."

"काय सांगतेस?"

"भांडकुदळला काय काय होतं ते. त्यांना कुणी सांगितलंच नसेल."

आणि आई सांगू लागली. खुर्चीतून उठताना आधी मनात तीनपर्यंत मोजावं लागतं. हात नसलेली खुर्ची ही खुर्चीच नव्हे. कपाटाचा खालचा कप्पा आपला राहत नाही, मग वरचाही राहत नाही. फोनपर्यंत जाईतो तो बंद होतो आणि लोक म्हणतात, उचलत नाही. समोरच्याचं ऐकू आलं नाही तर दोनदा विचारता येतं, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा नुसतं हसायचं.

दादा आधी भराभर टाइप करत होता. मग त्याचा वेग कमी झाला.

"हे तुला होतं?"

"भांडकुदळचं सांगतेय मी," आई म्हणाली. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिची सवय जुनीच. "पुढे लिही. कवळी टोचते. खालची, डाव्या बाजूला. जेवताना काढून ठेवते, कुणी आलं की घालते."

दादाची बोटं थांबली. "मग डॉक्टरला का नाही सांगत ती?"

"कशी सांगेल? मुलाने महिनाभर खपून केलीय. सगळ्यांना दाखवत फिरत होता, बघा आईचे दात. आता कोणत्या तोंडाने सांगायचं?"



"भांडकुदळला मुलगा नाही," दादा म्हणाला.

मग त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली.

"कधीपासून टोचते?"

"दिलीस त्या दिवसापासून."

म्हणजे पाच वर्षं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं. मीच तिचं जेवण मऊ करून ठेवत होते, आणि तिने शपथ घातली म्हणून मूग गिळून गप्प होते. उचलली जीभ लावली टाळ्याला असं ज्या मला सगळे म्हणतात, ती मी, नेमक्या याच बाबतीत पाच वर्षं गप्प. माझी मलाच लाज वाटली.

"तिच्याकडे काय बघतोस?" आई म्हणाली. "लिही पुढे."

दादाने कीबोर्ड बाजूला सारला आणि टेबलावरचा दिवा ओढून जवळ घेतला. आईने थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, मग कवळी काढून त्याच्या हातावर ठेवली. तिचा चेहरा एकदम आत गेला. दादाने तो तसा कधी पाहिला नव्हता. त्याने तिची हनुवटी धरली, दिवा वाकवला आणि आत बघितलं. डाव्या हिरडीवर व्रण होता, लाल, कडेने जाड झालेला, चांगला जुना.

बोट लावायच्या आधी त्याने विचारलं, "इथे?"

"तिथेच," आई म्हणाली. "सांभाळून."