विमानवाल्यांनी बंद केलेलं गायरान

महाराष्ट्र नवा होता तेव्हा मी लग्न होऊन या गावात आले. पहिल्याच पावसाळ्यात सासूने बजावलं, पेरण्या आटोपून दवंडी झाली की गायरानाकडे बकरी न्यायची नाही. त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत एकही जनावर तिकडे जात नसे. गवत मांडीपर्यंत वाढे, त्याचं बी झडे, आणि दसऱ्याच्या सकाळी सगळ्यांची गुरं एकदम आत सुटत. तार नव्हती, राखणदार नव्हता. ज्याचं जनावर आत सापडे त्याला मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर बोलणी खावी लागत. तेवढं पुरत होतं.

मी म्हातारी होईपर्यंत हे चाललं. नवरा गेल्यावर माझं स्वतःचं म्हणावं असं घरात फक्त माझ्या बकऱ्या होत्या.

मग विमानं बनवणाऱ्या कंपनीचा एक साहेब ग्रामसभेत आला. बोलला चांगला, ते कबूल करते. म्हणाला, आमच्या कारखान्यातून धूर निघतो, विमानं उडतात तेव्हाही निघतो, त्याने हवा तापते. जेवढा धूर सोडू तेवढा झाडांकडून भरून काढू, असा आम्ही जगाला शब्द दिला आहे. तुमच्या गायरानावर झाडं लावतो. फक्त गायरान बंद ठेवावं लागेल.

सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. कधीपर्यंत, हे कोणी विचारलं नाही. आमच्या गावात ते विचारायची गोष्टच नव्हती. गायरान दसऱ्याला उघडतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

सागाची रोपं लागली, तारेचं कुंपण झालं, फाटक बसलं. दसऱ्याच्या सकाळी मी बकऱ्या घेऊन गेले, मागे अर्ध्या गावाची गुरं. फाटकाला कुलूप होतं. खुर्चीवर माझाच चुलत पुतण्या राखणदार म्हणून बसलेला.

"काकू, मांगं फिरवा. साहेबाचा हुकूम नाही."

"तुह्या बापानं दसऱ्याले इथंच गुरं सोडली. तवा कोन्या साहेबाले पुसलं होतं बे?"

"मले पगार बाप देते का काकू?"

मागे कोणीतरी हसलं. कोणीतरी साहेबाला फोन लावला. दुपारी तो गाडीतून आला आणि माझ्याजवळ दगडावर बसला.

"आजी, झाडं मोठी व्हायला वेळ लागतो. तोवर चराई नाही. गवत कापून डोक्यावर न्यायची मुभा आहे."

"तोवर म्हंजे कवापर्यंत?"

"तुमच्या नातवाला पोरं होतील तोवर."

"आन् तोवर तुमचे विमानं बंद राहतीन?"

"विमानं कशी बंद राहतील? उलट कारखाना वाढतोय."

"मंग धूर तुमचा आन् उपाशी माह्या बकऱ्या, असं काऊन?"

तो म्हणाला, पृथ्वी सगळ्यांची आहे. मी म्हटलं, माह्या चुलीचा धूर माह्याच घराचं छप्पर काळं करते, तो झेलाले मी दुसऱ्याचं गाव शोधत नाही. यावर तो म्हणाला, "तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे, आजी," आणि गाडीत बसून निघून गेला. मला अजून संताप येतो तो या वाक्याचा. मुद्दा बरोबर होता तर कुलूप काढायचं होतं. नुसतं बरोबर म्हणायला काय जातं?

गवत कापून आणणं माझ्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. सुनेने काही दिवस आणलं. ती दिवसभर दुसऱ्याच्या वावरात निंदायला जाते, तिथून येऊन पुन्हा विळा. शेवटी म्हणाली, "आत्याबाई, मले दोन्ही नाही जमत." तिच्यावर मी रागावले नाही. ती माणूस आहे.

सुनेला सोबत घेऊन बकऱ्या अमडापूरच्या बाजारात नेल्या. घेणाऱ्याने दात पाहिले, कास पाहिली, आणि विचारलं, "चांगल्या दुधाच्या हायेत मावशी. काऊन इकता?"

"विमानवाल्यायनं गवत ठेवून घेतलं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग माझ्याशी बोलणं सोडून तो सुनेशी भाव करायला लागला.