ऑल्डेन फार्मवरची आजी

कांचनकाकू मोरे अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढून रिटायर झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात घरापासून पाऊण तासावरच्या ऑल्डेन फार्मवर व्हॉलंटियर म्हणून जायला लागल्या. दीडशे वर्षांपूर्वी ऑल्डेन नावाच्या जोडप्याने नदीकाठचं जंगल तोडून वसवलेलं ते शेत. आता तिथे म्युझियम आहे. लाकडी घर, गोठा, सफरचंदाची जुनी झाडं. शनिवारी काकू लोकांना ते फिरवून दाखवायच्या. पुढचं सगळं त्यांनीच मला सांगितलं, काही न लपवता.

सुरुवातीला फार छान चाललं होतं. मग रूथ ऑल्डेन भेटली. त्या जोडप्याची पणती, चौऱ्याऐंशी वर्षांची, काठी टेकत यायची. काकू टूर देत असल्या की मागे उभी राहायची आणि मध्येच म्हणायची, "या उंबऱ्याला खाच आहे ना, ती मी पाडली. चार वर्षांची होते." झालं. सगळे लोक वळून तिच्याभोवती. काकूंनी तीन हिवाळे बसून पाठ केलेला इतिहास तसाच हवेत राहायचा.

"राग नव्हता रे," काकू मला म्हणाल्या. "जळत होते मी. सरळ सांगते. तिच्या तीन पिढ्या शेतामागच्या टेकडीवर पुरलेल्या आहेत, नावानिशी. दाराच्या चौकटीवर तिच्या आजोबांची उंची कोरलेली आहे. आणि मला माझं गाव दाखव म्हटलं तर मी काय दाखवू? पाणी?"

काकूंचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. त्या तेव्हा पाच वर्षांच्या. सरकारने ठाणे जिल्ह्यात जमीन दिली, तिथून मुंबई, तिथून अमेरिका. गावातली एकच गोष्ट त्यांना लख्ख आठवत होती. निघायच्या दिवशी सामान बैलगाडीत चढलं, माणसं हाका मारत होती, आणि त्यांची सोनाआजी आत बसून घर सारवत होती. शेणाचा हात अगदी उंबऱ्यापर्यंत ओढून मगच ती उठली. वडील चिडून म्हणाले, "आये, पाणी यायचंय इथं!" ती म्हणाली, "येऊ दे की. घाणेरडं घर टाकून जायचं व्हय?"

एका शनिवारी काकू टूर देत होत्या. अठराशे सत्त्याण्णवच्या पुराबद्दल बोर्डवर एकच ओळ आहे: ऑल्डेन कुटुंब अकरा दिवस टेकडीवरच्या गोठ्यात राहिलं. ती ओळ वाचता वाचता काकूंच्या तोंडून निघून गेलं, "आणि घर सोडण्याआधी ॲबिगेल ऑल्डेनने, हे शेत वसवणाऱ्या बाईने, गुडघ्यांवर बसून सगळी जमीन घासली. पाणी दारात आलेलं असताना."

एका बाईने डोळे पुसले. काकूंना आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात आपलं काहीतरी आहे असं वाटलं. मग त्या दर शनिवारी ते सांगू लागल्या, रूथ मागे उभी असतानाही. खोटं आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं. "म्हटलं, रूथकडे इतकं आहे, त्यात माझ्या आजीला जरा बसायला जागा दिली तर काय बिघडलं?"

ऑक्टोबरच्या सुगीच्या कार्यक्रमात रूथ माइकवर उभी राहिली. समोर दोनशे माणसं. आणि तिने ती गोष्ट सांगितली. पणजी, घासलेली जमीन, दारात आलेलं पाणी. वर म्हणाली, "माझे आजोबा आम्हा मुलांना हे नेहमी सांगायचे." म्युझियमच्या डायरेक्टरने तिथेच जाहीर केलं की नवा बोर्ड लागेल, ॲबिगेलच्या चित्रासकट.

घरी येताना काकूंनी कारमध्ये सगळं सांगून टाकलं. त्यांची मुलगी ज्ञानदा ड्राइव्ह करत होती. "आई, इट्स जस्ट अ स्टोरी," ती म्हणाली. "आणि खोटं तूच सांगितलंस ना?"

"हो, मीच! पण एवढी एकच होती माझ्याकडे. तीसुद्धा तिला हवी?"

पुढच्या व्हॉलंटियर मीटिंगमध्ये बोर्डचा नमुना टेबलावर आला. काकू उठून उभ्या राहिल्या. "ही बाई ॲबिगेल नाही," त्या म्हणाल्या. "ही सोनाबाई, माझी आजी. गोष्ट मी घुसवली. आणि रूथच्या आजोबांनी तिला हे कधीही सांगितलेलं नाही. ती खोटं बोलतेय."

शेवटचं वाक्य बोलायची गरज नव्हती, हे त्यांना बोलतानाच कळत होतं. रूथचा चेहरा पांढराफटक पडला. "पण मला आजोबांचा आवाज आठवतो," ती पुटपुटली. मग काठी शोधायला लागली. काठी तिच्या हातातच होती.

बोर्ड कॅन्सल झाला. काकूंची टूर काढून घेतली गेली, जे योग्यच होतं. त्यांना बागेच्या कामावर घातलं. रूथ यायची बंद झाली. जिंकल्यासारखं वाटेल असं काकूंना वाटलं होतं. तसं काही झालं नाही. काका, म्हणजे श्रीराम मोरे, दोनदा म्हणाले, "फोन कर तिला." काकूंनी केला नाही.

फेब्रुवारीत रूथचाच आला. हॅलो नाही, काही नाही. "आजोबांच्या सगळ्या डायऱ्या वाचून काढल्या. कुठेच नाही. तू म्हणालीस तेच खरं. पण एक सांग, तुझी आजी खरंच घासत काय होती?"

काकूंनी सारवण म्हणजे काय ते सांगितलं. शेण म्हटल्यावर रूथ इतकी हसली की तिला खोकला आला. मग तिने विचारलं, आजी पुन्हा कधी ते गाव बघायला गेली का, नवं घर तिला आवडलं का. काकूंना उत्तरं माहीत नव्हती. हे प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलेच नव्हते. त्यांनीही आपल्या वडिलांना कधी विचारले नव्हते. "मी तुम्हाला खोटारडी म्हणायला नको होतं," त्या शेवटी म्हणाल्या. रूथ म्हणाली, "नको होतंच."

आता मंगळवारी दोघी सफरचंदाच्या झाडांची छाटणी करतात. म्हणजे काकू करतात, रूथ खुर्चीवर बसून चुका काढते. परवा मी गेलो होतो तेव्हा रूथ कुणाला तरी सांगत होती, "आमची विहीर माझ्या पणजोबांनी खणली." काकूंची कात्री क्षणभर थांबली. माझ्याकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "अजून टोचतं रे." आणि पुढची फांदी धरली.