कूलरमधला सकर

सासूबाई गेल्या, घरातली माणसं कमी झाली, कामं मात्र होती तेवढीच राहिली. नवरा उमरेडकडच्या कोळसा खाणीत, सुट्टीपुरता येणार. घरात मी आणि सासरे. ऑफिसला जाताना त्यांचं ताट झाकून ठेवायचं आणि संध्याकाळी ते तसंच उचलायचं, एखादी पोळी मोडलेली, बस्स. "भूक नाही वं पोरी," एवढंच उत्तर. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर सलाईन लावावं लागेल. गोडीगुलाबीनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं. शेवटी मला बोलायचाही कंटाळा आला.

हॉलमधला माशांचा टँक सासूबाईंचा. त्याची काच घासणं माझ्या जिवावर यायचं, म्हणून सीताबर्डीहून सकर आणला. काळा, खरबरीत मासा, काचेला तोंडानं चिकटून शेवाळ खाणारा. दुकानदार म्हणाला, तुम्हाला काही बघावंच लागणार नाही. मला घरात असंच कोणीतरी हवं होतं! सकरनं काच लख्ख केली आणि मग त्याला खायलाच काही उरलं नाही. पोट खपाटीला गेलं. काकडीची चकती दगडाला बांधून पाण्यात सोडली, तर तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हटलं घ्या, आता न जेवणारे दोघं झाले.

मे महिन्यात एका संध्याकाळी धरमपेठेतल्या ऑफिसातून तोंडाला ओढणी गुंडाळून स्कूटीवर घरी आले. डोकं भणभणत होतं. घरात कूलर बंद. सासरे डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन कूलरपाशी स्टुलावर बसलेले, घामानं निथळत. मी बटणाकडे हात नेला.

"दाबू नोको वं! पंप सुरू झाला का थो घाबरते. जेवून राहिला."

कूलरची एका बाजूची वाळ्याची ताटी त्यांनी काढून ठेवली होती. वाकून पाहिलं. कूलरच्या पाण्याच्या टाकीत, हिरव्या बुळबुळीत पत्र्याला सकर चिकटला होता. ज्या शेवाळाला मी रोज पाणी भरताना शिव्या घालायचे, त्याच्यावर तो ताव मारत होता.

"कधीपासून बंद आहे कूलर?"

"दुपारपासून. उपाशी होता ना बिचारा."

नागपुरातल्या मे महिन्यात, एका माशासाठी! मला ओरडायचं होतं, पण तेवढी ताकद नव्हती. मी फरशीवर फतकल मारून बसले आणि मला रडूच आलं. मग उठले, स्वयंपाकघरातून त्यांचं सकाळचं ताट आणलं आणि त्यांच्यापुढे ठेवलं.

"बाबा, आता तुमचंही जेवण होईपर्यंत कूलर बंदच."

त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू जेवली का?"

सासूबाई गेल्यापासून हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी एका पोळीचे दोन तुकडे केले, एकावर भाजी ठेवून माझ्या हातात दिला आणि दुसरा स्वतः खाल्ला.