स्टीअरिंगच्या मधोमध

नगरात मला खोली दिली ती काकांनी, आणि सावेडीतल्या गॅरेजात वायरिंगच्या कामाला चिकटवलं तेही काकांनीच. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्यांच्यावर किती जळत होतो तेच सांगणार आहे. आठवीतून शाळा सोडून भंडाऱ्याहून इतक्या लांब आलेल्या माणसाला दाखला मागितला की परतीची वाट धरावी लागते. काकांनी दाखला मागितला नाही. माझी बोटं पाहिली आणि म्हणाले, "बारीक आहेत. डॅशबोर्डामागे जातील."

काका म्हणजे माझे घरमालक, कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. पृथ्वी सूर्याभोवती फिरते यावर त्यांचा अर्धाच विश्वास असेल, पण इंडिकेटरचा खटका स्टीअरिंगच्या मधोमध असतो यावर त्यांच्याइतका विश्वास जगात कुणाचाच नसेल. त्यांच्याकडे जुनी विलायती स्पोर्ट्स गाडी आहे. दोन माणसांची, बिनटपाची, शेवाळी रंगाची. तिच्या चाकाच्या मध्यावर हॉर्नचं बटण आणि त्याला लागूनच बोटाच्या पेराएवढा खटका असायचा. चाक कितीही फिरवा, खटका आपला वर तोंड करून उभा! कारण तो चाकाला जोडलेलाच नसतो. स्टीअरिंगच्या दांड्यातून एक बारीक नळी खाली जाते, तिच्यात वायरी, आणि पार तळाशी एक नट त्या नळीला घट्ट धरून ठेवतो. पूर्वीच्या कुणा मेस्त्रीने हे सगळं उपसून एका नव्या गाडीतली इंडिकेटरची दांडी बाजूला ठोकली होती. काका त्या मेस्त्रीचं नाव घेत नसत. 'तो' म्हणत.

दुसऱ्यांच्या गाड्याही त्यांच्या तावडीतून सुटत नसत. सिटी बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागे उभे राहून त्याच्या हाताकडे बघत सुस्कारे सोडत. काष्टीच्या बाजाराला मला घेऊन गेले, तर कांद्याकडे न बघता एका टेम्पोत डोकं घालून बसले. टेम्पोवाल्याने इंडिकेटरसाठी डॅशबोर्डावर विजेच्या दिव्याचं बटण बसवलेलं.

"हे इथे कुणी बसवलं?"

"म्याच. हितं हात जातो. गाडी चालतीय न्हवं?"

"चालते हो. पण चुकून चालते."

टेम्पोवाला माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हातारं लई अवघड हाय गड्या. सांभाळ."

मी हसलो, पण आत जळत होतो. या माणसाने अंधारात हात पुढे केला तरी बोट नेमकं जिथे पडायचं तिथेच पडणार. मला मात्र दोन वर्षं झाली तरी सकाळी उठल्यावर दार कुठल्या भिंतीला आहे ते आठवावं लागतं. आणि ती गाडी! तिचं चाक ते मऊ फडक्याने असं पुसत, की बघणाऱ्याला वाटावं, आपणही लोखंडाचे असतो तर बरं झालं असतं.

दोन वर्षं तिची एकेक वायर मी ओढली. काकांनी मूळच्यासारखा खटका आणि नवी नळी मिळवली, ती नळी मीच पॉलिश केली. ती बसवायचा मान माझाच, हे मी मनात धरून चाललो होतो. आणि काकांनी पुण्याहून पुतण्याला बोलावलं. तो इंजिनीअर. त्याने लॅपटॉपवर वायरिंगचा नकाशा उघडला, नळी सरकवली, खटका सरळ केला आणि तळाचा नट हातानेच आवळला. तो नट पान्याने आवळावा लागतो, हे मला माहीत होतं. पाना माझ्या हातात होता. मी गप्प राहिलो.

काका टोपी घालून निघाले, शेजारी पुतण्या, मागे सायकलवर मी. पहिल्याच वळणाला नळी चाकाबरोबर फिरली. खटका डोकं खाली करून लोंबकळला, आतल्या वायरी पिळल्या आणि हॉर्न जो सुरू झाला तो थांबेचना. सगळी सावेडी खिडक्यांत आली. एक रिक्षावाला ओरडला, "ओ बाबा, लगीन हाय का घरात?" पुतण्या लॅपटॉप छातीशी धरून बसलेला, आणि काका भर रस्त्यात ताठ बसून, चेहरा पांढराफटक. शेवटी मी बॅटरीची वायर खेचली.

घरी आल्यावर मी पाना काकांसमोर ठेवला. खोली त्यांची, काम त्यांच्या शब्दावर. पण गप्प राहणं आता जमेना. घाबरलो की माझी गावची भाषा बाहेर येते. "काका, मले माहीत होतं. पाना माह्याच हातात होता. मी जळलो. तुम्ही मले काढून टाका."

काकांनी चष्मा पुसला. "पुतण्याला का बोलावलं, विचारलंस कधी? तुझ्या हातून बिघडलं असतं, तर तुला ओरडावं लागलं असतं. तो घरचा आहे, त्याला ओरडता येतं." मग पाना माझ्याकडे सरकवून म्हणाले, "आता मला तुलाही ओरडता येईल. ऊठ गाढवा, नट आवळ."

मी आवळला. खटका आता मधोमध आहे, सरळ. पण काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते विषय बदलतात. गाडी आता मी चालवतो, ते डावीकडे बसतात. वळण आलं की माझा हात अजून सवयीने बाजूला जातो. त्यांचा हात मात्र समोर, जिथे काहीच नाही अशा हवेत, नेमका मधोमध उठतो.

एक दिवस मी त्यांना हाताला धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेणार आहे. पट्टी सुटली की किल्ली त्यांच्या हातात देईन आणि उजवी सीट रिकामी करीन. मी डावीकडे बसेन. जळेन थोडा, पण बसेन.