बेअरिंग, जालना ते पिंपळगाव

सत्तरच्या दशकात जालन्याच्या एका जिनिंगमध्ये मी तेलवाला होतो. एका लांब शाफ्टवर कापसातून सरकी काढणारे सगळे जिन चालत, आणि त्याच्या बेअरिंगांना तेल घालणं एवढंच मला येत होतं. बेअरिंग तापलं का, हे तळव्यानं ठरायचं. हात ठेवायचा आणि मनात आपल्या गावच्या एसटीचे थांबे म्हणायचे. जालना, राजूर, भोकरदन, पिंपळगाव. गाव येईपर्यंत हात टिकला तर ठीक. आधीच उचलावा लागला तर शाफ्ट बंद. खाली कापसाचे तंतू साचलेले, बाजूला जिनवर कापूस घालणाऱ्या बाया. आग लागायला कितीसा वेळ?

मी तर थंडगार बेअरिंगवरही "मेलो!" ओरडून मिस्त्रीला पळवायचो.

आईचं तेरावं करून परत आलो त्या दिवशी मात्र गप्प होतो. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. सकाळपासून तेलाची बुधली घेऊन फिरत होतो. शेवटच्या बेअरिंगवर हात ठेवला. राजूर गेलं, भोकरदन गेलं, पिंपळगाव आलं. आता उतरून जायचं कुणाकडं, ते सुचेना. हात तिथंच राहिला.

एक बाई ओरडली, "मिस्त्री, जळका वास येऊन राह्यला!"

"सोंग करून राह्यला आसंल त्यो." मिस्त्री आला. "कसंय रे?"

"थंड हाय. पिंपळगावला आलो."

मिस्त्री तीर्थपुरीचा, त्याच्या एसटीचा पहिला थांबा अंबड. त्यानं हात ठेवला आणि अंबड यायच्या आत उचलला. माझं मनगट ओढलं, शाफ्ट फिरवणारा पट्टा पाडला. शाफ्ट थांबल्यावर बुधली उपडी केली. थेंब पडला नाही. सकाळपासून मी रिकाम्या बुधलीनं, एकही बेअरिंग न चुकवता, तेल घालत होतो.

बाया हसल्या. मग माझा तळवा दिसला तशा थांबल्या.

"दुखून राह्यलं का?" मिस्त्रीनं विचारलं.

"न्हाई."

"बराबर सांग, लेका. मस्करी नको."

"बिलकुल न्हाई, मिस्त्री."

शिव्या खाऊनच माझी नोकरी आजवर टिकली होती. त्यानं एकही दिली नाही. बुधली भरली आणि स्वतःच शाफ्टकडे निघाला. मी मागं गेलो.

"तू न्हाई," तो म्हणाला. "तू बस."

हंगाम संपेपर्यंत मी सरकीची पोती शिवली. डाव्या हातानं, वाकडी.