पाच डॉलर आधी पाठवले म्हणून

माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी फारशी इच्छाही नाही.

भिलाईच्या कॅम्प-१मधल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत बायकोचं भरतकामाचं मशीन आहे, कॉम्प्युटरवर चालणारं, जुनं विकत घेतलेलं. शाळांच्या शर्टांच्या खिशांवर ती चिन्हं काढून देते. मे महिन्यात एका दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि मशीनचा कंट्रोल बोर्ड जळाला. तेव्हा खोलीत एका शाळेचे चारशे चाळीस शर्ट गठ्ठ्यांनी रचलेले होते. या शाळेनं पहिल्यांदाच तिला काम दिलं होतं. जूनच्या मध्यात शाळा उघडणार, त्याआधी शर्ट हवेत, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरीकडे.

तो बोर्ड आता बनत नाही. रायपूर, नागपूर, सुरत, सगळीकडे फोन केले. शेवटी परदेशातला एक दुकानदार निघाला. बोर्ड तीनशे दहा डॉलर, कुरिअर पंचवीस. भारतातून बँकेमार्फत पैसे घेणार नाही, कार्डही नाही, फक्त क्रिप्टो.

माझा साळा भिलाई-३ला रेल्वेत आहे आणि या नाण्यांचा नाद त्याला आधीपासून आहे. तो म्हणाला, "भाऊजी, माह्या खात्यातून पाठवून देतो ना. दोन मिनिटाचं काम हाये."

मी नाही म्हटलं. बिल माझ्या नावाचं, तर पैसे माझ्या खात्यातून जातील. मग एका क्रिप्टो एक्स्चेंजवर खातं उघडायला पॅन, आधार, चेहऱ्याचा फोटो, मान डावीकडे, मान उजवीकडे. मंजुरीला दोन दिवस लागले. डॉलरच्या भावाला बांधलेलं एक नाणं असतं, ते साधारण नव्वद रुपयांना एक, असं घेतलं. तीस हजारांच्या वर गेले. बायकोच्या भिशीचे.

रविवारी सकाळी बसलो. दुकानदाराच्या पानावर सत्तावीस इंग्रजी अक्षर-आकड्यांचा... नाही, चौतीसचा पत्ता होता. मी दोनदा मोजला. शेजारी वीस मिनिटांचं घड्याळ उलटं पळत होतं.

"पेस्ट करा अन् पाठवा," साळा म्हणाला.

"आधी पाच पाठवतो."

"पाच? कावून?"

कावून म्हणजे काय? मी हथखोजच्या कारखान्यात वजनकाट्यावर बावीस वर्षं आहे. ट्रक आधी रिकामा चढतो, मग भरलेला. आणि ते राहू द्या. आपल्याकडे कोणीही नवीन खात्यात पैसे टाकताना आधी एक रुपया टाकतो, फोन करून विचारतो, 'आला का?', आणि मग बाकीचे टाकतो. घरभाडं असो की लग्नाचा हॉल.

मी पाच डॉलर पाठवले. एक्स्चेंजनं पाठवणावळ कापली, तिच्यावर जीएसटी कापला. मग दुकानदाराला लिहून विचारलं, पाच मिळाले का. सव्वीस मिनिटांनी उत्तर आलं, मिळाले, धन्यवाद. मी समाधानानं बाकीचे तीनशे तीस त्याच पत्त्यावर पाठवले.

पान तोवर बंद झालं होतं. घड्याळ शून्यावर, बिल रद्द. तो पत्ता त्या एका बिलापुरता, त्या वीस मिनिटांपुरताच होता. पैसे पोहोचले, पण कोणत्याही बिलावर चढले नाहीत.

साळा हसला. मला ते हसणं अजून आठवतं. "भाऊजी, तुमी तं जमीन खरेदी करून राहिले!"

"तुला माहीत होतं तर बोलला कावून नाहीस?"

"मले काय मालूम तुमी उत्तराची वाट पाहत बसान? मी चहा आणाले गेलो होतो!"

दुकानदाराच्या वतीनं पैसे घेणारी एक वेगळीच कंपनी होती, तिला मी लिहिलं. व्यवहाराचे दोन्ही लांबलचक क्रमांक दिले, वेळा दिल्या, तीनशे तीस अधिक पाच म्हणजे तीनशे पस्तीस, हेही लिहिलं. उत्तर आलं, आपली गैरसोय आम्ही समजू शकतो. चूक आपली आहे. रक्कम बिलावर चढवायची तर पन्नास डॉलर शुल्क. माझेच पैसे, त्यांच्याच खिशात, आणि ते मोजायचे पन्नास डॉलर! मी सात पत्रं लिहिली. प्रत्येक उत्तरात तीच मऊ भाषा. बँकेत निदान टेबलावर हात आपटता येतो. समोर एक माणूस असतो, तो पाणी पितो, घाम पुसतो, साहेबाला बोलावतो. इथे मी कोणावर ओरडत होतो? फोनवर. कूलरच्या आवाजात.

"एक पैसा देणार नाही," मी जाहीर केलं. चार दिवस दिला नाही.

पाचव्या दिवशी सकाळी शाळेचा माणूस येऊन गेला. मशीन बंद पाहिलं आणि अर्धे शर्ट दुर्गला दुसरीकडे घेऊन गेला. बायको गठ्ठे मोजून माझ्यासमोर येऊन बसली.

"तुमी सात चिठ्ठ्या लिवल्या. बोर्ड आला का?"

"चूक त्यांची आहे."

"असंन. तुमचा हिशोब बरोबरच असते. पण तो माह्या मशीनवर कावून करून राहिले?"

मी त्याच बैठकीत पन्नास पाठवले. आधी पाच नाही, विचारणं नाही. आंधळ्यासारखे एकदम पन्नास. चार मिनिटांत बिल चुकतं झाल्याचं कंपनीनं कळवलं. म्हणजे काम चार मिनिटांचंच होतं. हे वाचून मी फोन पलंगावर फेकला.

बोर्ड तेराव्या दिवशी आला. बायको तीन दिवस मशीनपुढून उठली नाही. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी उरलेले दोनशे वीस शर्ट तयार झाले. बिल नेहमी मी लिहितो. अठरा रुपयांनी तीन हजार नऊशे साठ. पन्नास डॉलरचे साडेचार हजार होतात, म्हणजे सगळी मजुरी देऊनही वर पाचशे चाळीस आमच्याच खिशातून. मी पेन थांबवलं.

तिनं खांद्यावरून पाहिलं. "तेवढंच लिवा. खालती काई लिवू नोका. शाळेनं नाई घेतले तुमचे पन्नास."

मी तेवढंच लिहिलं आणि सही केली. ती गठ्ठे घेऊन ऑटोत बसली. पुढच्या वर्षाचं काम मिळेल का, हे विचारायला ती स्वतः जाणार होती. मला सोबत नेलं नाही.